दोन प्लायवूड शीटमधून आठ फुटी होडी: आखणीपासून पाण्यात उतरेपर्यंत

स्वतःच्या हाताने होडी बांधायची इच्छा अनेकांना असते आणि बहुतेकांची गाडी पहिल्याच वळणावर अडते, कारण ते मोठी होडी आखतात. सोळा फुटी, शिडाची, जमलं तर छोटं इंजिन असलेली. अशी होडी दोन वर्षं अंगणात ताडपत्रीखाली पडून राहते. पहिली होडी अशी हवी की ती दोन माणसांना उचलता यावी, टेम्पोत मावावी आणि एका हिवाळ्याच्या सुट्ट्यांमध्ये पुरी व्हावी. खाली ज्या होडीची मापं दिली आहेत ती जेमतेम आठ फुटी, चपट्या तळाची, पुढून-मागून बोथट, वल्ह्याने चालवायची आहे. रूपाने ती सुंदर म्हणता येणार नाही, पण खाडीच्या आतल्या संथ पाण्यात किंवा तलावात तिच्यावर विसंबता येतं.

ही पद्धत जगभर 'स्टिच अँड ग्लू' नावाने ओळखली जाते. प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेने एकमेकांना टाचायचे आणि मग सांधे रेझिन व काचेच्या कापडाने पक्के करायचे. १९६३ साली इंग्लंडमध्ये डेली मिरर या वर्तमानपत्राच्या पुढाकाराने 'मिरर' नावाची छोटी शिडाची होडी बाजारात आली. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ती याच पद्धतीने, घरच्या घरी बांधता येईल अशी आखली होती. पुढे अशा हजारो होड्या लोकांनी आपल्या गॅरेजमध्ये बांधल्या. बांधणारे बहुतेक सुतार नव्हतेच.

लाकूड की ॲल्युमिनियम

हा प्रश्न हमखास येतो, म्हणून आधीच निकालात काढू. ॲल्युमिनियमची होडी हलकी, टिकाऊ आणि जवळजवळ देखभाल नसलेली असते. पण तिला समुद्री दर्जाचा मिश्रधातू लागतो. पत्र्यासाठी ५०५२ किंवा ५०८३ घ्यावा लागतो. खिडक्यांच्या सेक्शनवाल्याकडे मिळतो तो ६०६३, तो होडीच्या अंगासाठी नव्हे. दुसरी अडचण वेल्डिंगची. ॲल्युमिनियम साधारण ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्या पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा पापुद्रा २००० अंशांच्या पुढे. तो पापुद्रा स्टेनलेसच्या ब्रशने घासून काढून एसी टिग वेल्डिंग करावं लागतं. गेट आणि ग्रिल बनवणाऱ्या वर्कशॉपमधलं साधं मशीन इथे उपयोगाचं नाही. पातळ पत्रा उष्णतेने वेडावाकडा होतो तो वेगळाच.

रिव्हेट मारून आणि सांध्यात सीलंट भरून वेल्डिंग टाळता येतं, तेही चांगलं जमू शकतं. पण मग पितळी स्क्रू, तांब्याची तार, साधे लोखंडी बोल्ट यांना तिच्यापासून लांब ठेवावं लागतं. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू टेकले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. ज्याच्या हाताशी चांगला टिग वेल्डर आहे त्याने खुशाल ॲल्युमिनियम घ्यावं. बाकीच्यांनी पहिली होडी प्लायची करावी. प्लायमध्ये चूक झाली तर करवत आणि रेझिनने ती दुरुस्त होते.

अस्सल लाकडी फळ्यांची होडी हा तिसरा मार्ग. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी मलबारी सागात बांधलेलं 'त्रिंकोमाली' जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं, ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. सागाची ताकद ती. पण फळीला बाक देणं, फळीला फळी भिडवणं, सांध्यात कापूस ठोकणं ही वर्षानुवर्षं हाताखाली शिकायची विद्या आहे. लेख वाचून ती येत नाही.

प्लाय घेताना

या कामात पैसे वाचवायच्या अनेक जागा आहेत, प्लाय ही त्यातली नाही. आयएस ७१० हे भारतीय मानक म्हणजे मरीन प्लाय. त्याचा डिंक फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा असतो आणि त्याला उकळत्या पाण्यात ७२ तास टिकावं लागतं. आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) दर्जाचा प्लाय स्वयंपाकघराच्या कपाटाला पुरतो, एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) दर्जाचा तर, नावात काही असो, ओलाव्याजवळही नेऊ नये. दुकानदार सगळ्यालाच 'मरीन' म्हणतो, म्हणून शीटवरचा आयएसआय शिक्का, त्यावरचा ७१० हा आकडा आणि परवाना क्रमांक स्वतः वाचा.

शिक्क्यावरही पूर्ण भरवसा नको. दुकानातून हातभर तुकडा मागून घ्या, घरी दिवसभर उकळवा, उन्हात वाळवा, पुन्हा उकळवा. थर सुटले तर ते दुकान सोडा. ही चाचणी प्रयोगशाळेची जागा घेत नाही, पण निव्वळ नकली माल ओळखायला पुरते. कडेने पाहा: आतल्या थरात फटी, एकावर एक चढलेले तुकडे दिसतात का. मग शीट उभी धरून रुपयाच्या नाण्याने ठोकत जा. पोकळ आवाज आला तिथे आत फट आहे, आणि नेमकी तिथेच फळी वाकवताना मोडते.

लागणारा माल असा: ८ फूट बाय ४ फूट मापाच्या ६ मिलिमीटरच्या दोन शीट. होडी खडकाळ किनाऱ्याला लागणार असेल, जिथे कालवांच्या धारा असतात, तिथे तळासाठीची शीट ९ मिलिमीटरची घ्या. होडी तीनचार किलोने जड होते, पण तळ पायाखाली लवत नाही. काठपट्ट्या, बसायचा बाक आणि तळाच्या पट्ट्यांसाठी वखारीतून सरळ रेषांचा, गाठी नसलेला साग, ४० बाय २० मिलिमीटरच्या पट्ट्यांत चिरून घ्या. स्क्रू फक्त स्टेनलेस किंवा पितळी. टाचायला एक ते सव्वा मिलिमीटर जाडीची तांब्याची तार. ती मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे वजनावर मिळते.

रेझिनबद्दल थोडं जास्त

कोकणात फायबरच्या होड्या पॉलिस्टर रेझिनने बनतात, म्हणून तेच स्वस्तात घेऊन प्लायवर फासायचा मोह होतो. तो आवरा. पॉलिस्टर साच्यात काचेच्या थरांवर उत्तम बसतं, पण लाकडाला त्याची पकड कमी असते. दोनतीन पावसाळ्यांत कडेने पापुद्रा सुटतो आणि आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही. तरी कुणी पॉलिस्टर वापरणारच असेल तर एक गोष्ट जिवावरची आहे: त्यातला कोबाल्टचा ॲक्सिलरेटर आणि पेरॉक्साइडचा हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, भडका उडतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच दुसरा.

आपल्याला हवं ते इपॉक्सी. लॅमिनेटिंगचं पातळ इपॉक्सी घ्या. हार्डवेअरच्या दुकानातलं ट्यूबमधलं घट्ट चिकट या कामाचं नाही. या होडीला साधारण सहा किलो लागेल. रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असेल तेच, आणि वजनाने सांगितलं असेल तर किचनच्या डिजिटल काट्यावर वजन करूनच. 'लवकर वाळावं' म्हणून हार्डनर जास्त घातला तर ते कधीच नीट घट्ट होत नाही. पांढरा सुतारी गोंद, डब्यावर वॉटरप्रूफ छापलेलं असलं तरी, पाण्याखालच्या सांध्याला नको.

काचेचं कापड विणलेलं घ्या, चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या आसपासचं. सुट्या तंतूंची मॅट स्वस्त असते, पण तिचे तंतू धरून ठेवणारा पदार्थ पॉलिस्टरमध्ये विरघळण्यासाठी बनवलेला असतो. इपॉक्सीत ती कडक राहते, कोपऱ्यात बसत नाही. कापडातून तिरक्या, ४५ अंशांच्या, ७५ मिलिमीटर रुंद पट्ट्या कापून घेतल्या की त्या सांध्यावर सुरकुती न पडता बसतात.

काम दिवाळीनंतर सुरू करा. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणामुळे बऱ्याच इपॉक्सींवर तेलकट, मेणासारखा थर येतो आणि पुढचा हात त्याला धरत नाही. एप्रिल-मे मध्ये उलटी पंचाईत: वाटीतलं रेझिन ब्रश बुडवायच्या आत तापून धूर सोडायला लागतं. एका वेळी १५० ते २०० ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट ताटलीत ओता. डब्यात साठून राहिलं की ते स्वतःच्याच उष्णतेने भरभर घट्ट होतं.

हातमोजे नायट्राइलचे, पहिल्या दिवसापासून. इपॉक्सीची ॲलर्जी हळूहळू अंगात भिनते आणि एकदा जडली की पुन्हा ते काम करता येत नाही. हाताला लागलं तर साबणाने धुवा, थिनरने पुसू नका. थिनर ते कातडीत आणखी आत नेतं.

मापं

पहिली शीट लांबीच्या दिशेने ४०० मिलिमीटर रुंदीच्या तीन पट्ट्यांत कापायची. दोन पट्ट्या म्हणजे होडीच्या दोन बाजू: २४४० बाय ४०० चे सरळ आयत, कुठेही गोलाई नाही. तिसऱ्या पट्टीतून तीन समलंब तुकडे निघतात: होडीची दोन टोकं बंद करणारे दोन पाट आणि मध्ये आडवी बसणारी चौकट. तिन्हींची उंची ३८५:

पुढचा पाट: तळाशी २००, वर ४०५.
मागचा पाट: तळाशी ५५०, वर ७५५.
मधली चौकट: तळाशी ९००, वर ११०५.

तळाचं माप मुद्दामच दिलेलं नाही. ते आधी काढायचं नसतं. बाजू वाकवून उभ्या केल्या की तळाचा आकार त्या स्वतः ठरवतात, आपण फक्त त्यावरून पेन्सिल फिरवायची. नवशिक्याला ही पद्धत सोयीची पडते ती यासाठीच. चौकट पाच मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी तळ तिच्याशी जुळतोच.

बाजू आयताकृती असूनही होडीला बाक कुठून येतो, हे पुठ्ठ्यावर बघा. वरची सगळी मापं दहाने भागून एक नमुना कापा आणि चिकटपट्टीने जोडा. बाजू बाहेर कललेल्या असल्यामुळे वाकताना फळीचा मध्य बाहेर आणि खाली सरकतो. नाळेकडची, म्हणजे पुढची, बाजू तळाच्या मध्यापेक्षा सुमारे ९ सेंटीमीटर आणि मागची साडेचार सेंटीमीटर आपोआप उचलली जाते. एवढा उठाव वल्ह्याच्या होडीला छान. हा पुठ्ठ्याचा नमुना वगळू नका, अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढच्या प्रत्येक पायरीत तो हाताशी ठेवून बघता येतो.

पुरी झाल्यावर लांबी २.३५ मीटर, वरची रुंदी १.१ मीटर, वजन ३५ ते ४० किलो. होडी आणि आतला भार मिळून २०० किलो झाले की ती मध्यभागी सुमारे १३ सेंटीमीटर बुडते आणि पाण्यावर २५ सेंटीमीटर काठ उरतो. म्हणजे माणसं आणि सामान मिळून १६० किलोच्या वर न्यायचं नाही. तिसरा माणूस 'जवळच तर जायचंय' म्हणून चढू पाहील, त्याला किनाऱ्यावर ठेवा.

टाचणी

दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकावर एक ठेवून शिकंज्याने आवळा आणि एकत्रच रंध्याने कड सारखी करा. दोघी हुबेहूब एकसारख्या हव्यात, बाकी कुठेही सूट चालेल. मग प्रत्येकीच्या बरोबर मध्यावर, गुण्या लावून, काटकोनात रेघ मारा. मधली चौकट या रेघेवर बसते.

दोन्ही पाटांच्या वरच्या कडेला आतून सागाची पट्टी इपॉक्सीने चिकटवून घ्या. साग तेलकट असतो, म्हणून चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसून घ्या. चौकट या टप्प्याला भरीवच ठेवा, आतला भाग नंतर कापायचा आहे.

आता कडेपासून १० मिलिमीटर आत, दर १५० मिलिमीटरवर, तारेच्या जाडीपेक्षा थोडं मोठं भोक पाडा. आधी दोन्ही बाजू मधल्या चौकटीला टाचा. टोकं अजून उघडी असतील. मग मागच्या टोकांभोवती दोरीचा फेरा घ्या, दोरीत काठी घाला आणि पीळ देत देत टोकं जवळ आणा. मागचा पाट बसला की तारेने टाचा. पुढचं टोक जास्त आवळावं लागतं, तिथे घाई नको. सहा मिलिमीटरचा चांगला प्लाय एवढा बाक सहज घेतो. करकर ऐकू आली तर थांबा, बाहेरून गरम पाण्याचं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा, मग पुढे पीळ द्या. ओला झालेला भाग रेझिन लावण्याआधी पूर्ण सुकला पाहिजे, एवढं मात्र पाळा.

तारेचा पीळ बाहेरच्या बाजूला ठेवा, पकडीने आवळा, पण प्लायमध्ये रुतेल इतका नाही.

यानंतरची पायरी दिसायला किरकोळ आहे आणि होडी सरळ चालेल की नाही हे तिच्यावर ठरतं. पुढच्या पाटाच्या मध्यापासून मागच्या पाटाच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतची अंतरं मोजा, ती सारखी यायला हवीत. मग दोन्ही पाटांवर एकेक सरळ काठी आडवी ठेवा, मागे उभे राहा, एक डोळा मिटून बघा. काठ्या समांतर दिसल्या नाहीत तर होडीला पीळ पडला आहे. एका कोपऱ्याखाली पाचर घालून, वजन ठेवून तो आत्ताच काढा. रेझिन घट्ट झाल्यावर काही करता येत नाही.

तळ

सांगाडा पालथा घाला. बाजूंच्या खालच्या कडा तिरप्या असतील, त्या रंध्याने तळाच्या सपाटीला मिळत्या करा. एक सरळ पट्टी या बाजूवरून त्या बाजूवर आडवी ठेवत पुढे जा, म्हणजे कुठे किती काढायचं ते दिसतं. पीळ पुन्हा एकदा तपासा.

दुसरी शीट त्यावर ठेवा, मध्यावर थोडं वजन द्या म्हणजे ती बाकाला टेकेल. आतून पेन्सिलने कड आखा आणि रेघेच्या १० मिलिमीटर बाहेरून कापा. भोकं पाडून तळ टाचा. उरलेली तीस सेंटीमीटरची पट्टी टाकू नका, कोपऱ्यांचे त्रिकोणी आधार तिच्यातूनच निघतात.

सांधे

आता होडी सुलटी करा आणि पुन्हा, तिसऱ्यांदा, काठ्या ठेवून पीळ बघा.

सुताराकडून बारीक भुसा आणा, मैद्याच्या चाळणीतून चाळा. रेझिन आणि हार्डनर पूर्ण एकजीव झाल्यावर त्यात हा भुसा घालत जा, मिश्रण श्रीखंडाइतकं घट्ट झालं की थांबा. उभ्या सांध्यात लावल्यावर ते ओघळता कामा नये. आधी दोन तारांच्या मधल्या जागेत छोटे छोटे ठिपके भरा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी तारा कापून ओढून काढा. एखादी अडकली तर सोल्डरिंग गनचं टोक तिला टेकवा, रेझिन मऊ होऊन ती सुटते.

मग पूर्ण सांध्याला आतून आधी नुसतं पातळ रेझिन लावा. ही पायरी लोक विसरतात. प्लायची कड रेझिन शोषून घेते, आणि वरून सरळ घट्ट मिश्रण भरलं तर त्यातलं रेझिन प्लाय ओढून घेतो, सांध्यात भुसाच उरतो. पातळ हात मारून तो ओला असतानाच घट्ट मिश्रण भरा आणि गोल टोकाच्या लाकडी पट्टीने एका ओढीत गोलाई द्या, त्रिज्या साधारण २० मिलिमीटर. कडेला सांडलेलं लगेच खरवडून घ्या, वाळल्यावर ते सँडपेपरला दाद देत नाही. गोलाई अजून मऊ आहे तोवरच तिच्यावर काचेच्या कापडाची तिरकी पट्टी ठेवा आणि ब्रशने ठोकत ठोकत रेझिनमध्ये भिजवा. कापड पारदर्शक झालं म्हणजे भिजलं. पांढरे ठिपके म्हणजे हवा.

आतले सगळे सांधे, म्हणजे तळ-बाजू, बाजू-पाट, तळ-पाट आणि चौकटीच्या दोन्ही बाजू, असेच करायचे. हे एका दिवसात उरकायचं काम नाही. आजचं कालच्या चिकट पृष्ठभागावर लावलं तर ते एकजीव होतं. मध्ये दोन दिवस गेले तर आधी पाणी आणि हिरव्या घासणीने तो तेलकट थर धुवा, वाळवा आणि ८० नंबरच्या पेपरने खडबडीत करा. धुण्याआधी घासलं तर ते मेण आणखी आत चोळलं जातं.

पुन्हा पालथी करा. तळाची बाहेर आलेली कड रंध्याने काढा, सांध्याची धार गोल करा, कारण काचेचं कापड धारेवर बसत नाही, उचललं जातं. बाहेरच्या सांध्यांवर पट्टी, आणि त्यावर संपूर्ण तळाला एक अखंड कापड, बाजूंवर ५ सेंटीमीटर चढवून. घासताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मास्क हवाच.

आतबाहेरची जोडणी

काठपट्ट्या आधी. त्या बसल्या की डुगडुगणारा प्लायचा डबा एकदम ताठ होतो. सागाची पट्टी बाहेरून, वरच्या कडेशी समपातळीत, इपॉक्सी लावून चिकटवायची. जितके शिकंजे असतील तितके कमीच पडतात, शेजाऱ्यांकडून मागून आणा.

मग मधल्या चौकटीचा आतला भाग कापा, तळाशी आणि दोन्ही बाजूंना ८ सेंटीमीटरची पट्टी ठेवून. तळाच्या पट्टीत दोन्ही कोपऱ्यांना अर्धगोल खाच ठेवली तर आत आलेलं पाणी एका जागी वाहून येतं आणि उपसायला सोपं पडतं. बसायचा बाक तळापासून २० सेंटीमीटर उंच, चौकटीला टेकवून. वल्ह्याची खुंटी बाकाच्या मागच्या कडेपासून सुमारे ३० सेंटीमीटर मागे, काठपट्टीला आतून लाकडी ठोकळा लावून त्यावर बसवा. पितळी यू मिळाला तर उत्तम, नाहीतर जाड खुंटी आणि दोरीचा फास, कोकणात हेच पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. या रुंदीला वल्ही साडेसहा ते सात फुटी लागतात.

चपट्या तळाची होडी वल्हं मारताना गोल गोल फिरू पाहते. त्यावर उपाय म्हणजे तळाला मागच्या बाजूस मध्यरेषेवर एक उभी पाती: ८० सेंटीमीटर लांब, पुढे शून्यापासून सुरू होऊन मागच्या पाटाशी १० सेंटीमीटर उंच. तिच्या पुढे आणि दोन्ही अंगांना सागाच्या पट्ट्या लांबीने लावा. वाळूवर ओढताना त्या झिजतात, तळ वाचतो.

तरंगण्याची सोय विसरू नका. प्लाय स्वतः तरंगतो हे खरं, पण पाण्याने भरलेली होडी दोन माणसांना धरून ठेवत नाही. पुढे आणि मागे बाकाखाली बंद कप्पे करता येतात. सोपा उपाय म्हणजे दोन लिटरच्या रिकाम्या, झाकण घट्ट लावलेल्या पंचवीस बाटल्या जाळीत भरून बाकाखाली पक्क्या बांधणं. त्या पन्नास किलोच्या आसपास उचल देतात. थर्माकोलही चालतो. इपॉक्सी त्याला काही करत नाही, पॉलिस्टर मात्र त्याला विरघळवून टाकतं.

रंग

प्लायची होडी समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाच्या पाण्याने लवकर कुजते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला गोडं पाणी मानवतं. ते प्रत्येक उघड्या कडेतून, प्रत्येक स्क्रूच्या भोकातून आत शिरतं. म्हणून आतून-बाहेरून इपॉक्सीचे तीन हात, आणि प्लायच्या उघड्या कडांना जोपर्यंत त्या पितात तोपर्यंत. स्क्रूचं प्रत्येक भोक आधी मोठं पाडून, इपॉक्सीने भरून, मग त्यात पुन्हा बारीक भोक पाडून स्क्रू घालणं कंटाळवाणं आहे, तरी करा.

इपॉक्सी उन्हात टिकत नाही, पिवळी पडून भुरभुरीत होते, म्हणून वर रंग हवाच. धुऊन, घासून, प्रायमर आणि पॉलियुरेथेनचे दोन हात. रंग फिका घ्या, गडद रंगाची होडी आपल्याकडच्या उन्हात भाजून निघते आणि सांध्यांवर ताण येतो.

पाण्यात उतरण्याआधी

धरणाच्या जलाशयात होडी घालायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते. खाडीसाठी जवळच्या बंदर कार्यालयात, म्हणजे महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, आणि गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे जाऊन काय नियम लागू होतात ते विचारा. होडी बांधायच्या आधी विचारलेलं बरं.

पहिली फेरी गुडघाभर पाण्यात, होडी रिकामी ठेवून. तासभर तशीच राहू द्या, आत कोरडं फडकं फिरवून ओल कुठे येते ते बघा. मग एकट्याने बसा, दोन्ही बाजूंना मुद्दाम झुका, काठ पाण्याला कधी लागतो ते कळू द्या. त्यानंतर किनाऱ्याजवळच ती मुद्दाम पाण्याने भरून पाहा. बाटल्या किती धरतात हे खोल पाण्यात पहिल्यांदा कळण्यात अर्थ नाही. लाइफ जॅकेट पट्टा बांधून अंगावर, बाकाखाली नाही. पाणी उपसायला दोरीने बांधलेला डबा, आणि एक जादा वल्हं.

खाडीत पहिल्यांदा जायचं तर अष्टमीच्या आसपासचे भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असलेले, दिवस बघा, उधाणाला पाण्याची ओढ फार असते. भरती चालू असताना निघा आणि खाडीच्या आतल्या दिशेने जा, मुखाकडे नाही. आणि तिथल्या एखाद्या तांडेलाला, म्हणजे मच्छीमार होडी चालवणाऱ्याला, आधी विचारून घ्या की गाळाचे पट्टे कुठे आहेत. वारा दुपारी समुद्राकडून उठतो, तेव्हा सकाळी नऊपर्यंत परत.

घरी आणली की गोड्या पाण्याने धुवा, पालथी घाला, जमिनीपासून विटांवर उचलून ठेवा आणि ताडपत्री अशी टाका की खालून वारा खेळेल. दर वर्षी पावसाळ्याआधी तळाच्या पट्ट्या आणि सांध्यांवरून बोट फिरवा. जिथे रंगाला फोड आला असेल तिथे खरवडा, आठवडाभर उन्हात पूर्ण सुकू द्या आणि मगच वर इपॉक्सी लावा.